कारंज्याची लाइन

माझ्या धाकट्या दिराला मी मीटिंगमध्ये ‘साहेब’ म्हणते आणि तो मला ‘वहिनी’ म्हणतो. दोघांनीही समोरच्याला झोंबेल असाच शब्द निवडला आहे. तो वीज विभागाच्या कंट्रोल रूमचा प्रमुख, मी शहराच्या पंपघराची. लांबलचक टेबलाच्या एकाच बाजूला आम्ही बसतो, मध्ये तीन खुर्च्या सोडून, म्हणजे एकमेकांचं तोंड बघायची वेळ येत नाही.

मीटिंगचं नाव भलं मोठं आहे: अत्यावश्यक सेवांची आपत्ती पूर्वतयारी. वर्षातून दोनदा भरते. वीज, पाणी, इस्पितळ, टेलिफोन, अग्निशमन, सगळ्यांनी आपापला तक्ता भरून आणायचा. तक्त्याला तीन रकाने. पहिल्यात आपली सेवा, दुसऱ्यात काय बिघडू शकतं ते, आणि तिसऱ्यात ‘पर्यायी व्यवस्था’. ह्या तिसऱ्या रकान्यात आम्ही सगळे एकमेकांना लिहितो. इस्पितळ लिहितं, पाणी गेलं तर पंपघराचे टँकर. मी लिहिते, वीज गेली तर वीज विभागाची जनरेटर गाडी. बंबवाले लिहितात, पाणी कमी पडलं तर इस्पितळाची टाकी. जनरेटरची ती गाडी शहरात एकच आहे आणि चार तक्त्यांत उभी आहे. हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. मूग गिळून सही करायची आणि बशीतली बिस्किटं संपवून उठायचं, अशी आमची पूर्वतयारी.

मीटिंग घेणारे आपत्ती कक्षाचे प्रमुख म्हणजे एक सज्जन, गुबगुबीत गृहस्थ. दर दोन वाक्यांनी ‘रंगीत तालीम’ म्हणतात, म्हणून त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना तालीममास्तर म्हणतो. त्यांची तालीम आजवर कागदावरच रंगली होती. ‘समजा, वीज गेली,’ असं ते म्हणायचे, आणि आम्ही समजायचो.

आता भांडणाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या पाच वर्षांपूर्वी निकामी झाल्या. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास डायलिसिसच्या मशीनवर पडून राहायचं, म्हणजे पुढचे दोन दिवस जगता येतं. एक दिवस चुकला की पाय सुजतात. दोन चुकले की श्वास लागतो. धाकट्या भावाचा रक्तगट जुळत होता. पुढच्या तपासणीसाठी इस्पितळात यायचा दिवस ठरला आणि हा पठ्ठ्या आलाच नाही. निरोप नाही, फोन नाही. मी तिथल्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून होते. त्या दिवशी मी त्याचा नंबर फोनमधून पुसून टाकला. सख्ख्या भावाला मशीनला बांधून ठेवणाऱ्या माणसाशी बोलायचं काय? घरचं येणंजाणं तुटलं. ऑफिसात त्याच्या सहीचं टपाल आलं तर तेही मी उघडत नसे. पंपघराच्या फिटरला सांगून ठेवलं होतं, आवकचा शिक्का मारा आणि खालच्या खणात टाका.

यंदाच्या मीटिंगमध्ये तालीममास्तर ‘समजा’ म्हणाले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिराला चारचौघांत खाली बघायला लावायची संधी दिसली, हे खरं कारण.

‘दर वर्षी कागदावरच दिवे घालवतो आपण,’ मी म्हटलं. ‘एकदा खरंच घालवा की, साहेब. कंट्रोल रूमला स्विच तरी सापडतो का, बघू दे सगळ्यांना.’

टेबलावर खसखस पिकली. तीन खुर्च्यांपलीकडून आवाज आला, ‘स्विच सापडतो, वहिनी. कुठला पाडायचा नाही, तेवढं तुम्ही नीट लिहून द्या.’

तालीममास्तरांना तर हर्षच झाला. लगेच ठरलं. मंगळवारी सकाळी अकरा ते बारा, मोठी वीजटंचाई आली असं धरून बिनमहत्त्वाच्या लाइनी खरोखर बंद करायच्या. जाहिरातींचे फलक, क्रीडांगणाचे दिवे, बागेतलं कारंजं. शिवाय इस्पितळाच्या आवारात बंबवाल्यांचं प्रात्यक्षिक. प्रत्येक सेवेने आपण कोणत्या लाइनवर आहोत ते लिहून सही करून द्यायचं, म्हणजे घोटाळा व्हायला नको.

मी जागेवरच लिहिलं: ‘पंपघर, स्वतंत्र अत्यावश्यक लाइन’. गेल्या वर्षीच्या तक्त्यावरून उतरवलं. गेल्या वर्षी त्याच्या आदल्या वर्षावरून उतरवलं होतं. सही ठोकली आणि कागद दिराकडे सरकवला. त्याने तो वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि घडी करून खिशात ठेवला. बघितलं ते जरा नवलाने, असं मला वाटलं, पण त्याच्या बघण्याचा विचार करायला मला फुरसत नव्हती.

मंगळवारी नऊला मी ह्यांना स्कूटरवरून इस्पितळात सोडलं. रविवारी ते जरा जास्त पाणी प्यायले होते, त्यामुळे चेहरा फुगला होता आणि जिना चढताना ते दोनदा थांबले. ‘आज पुरते चार तास घ्यायचे, मधेच उठायचं नाही,’ मी दम दिला. ‘मला कुठे नाचायला जायचंय?’ ते म्हणाले. मशीन मोकळं व्हायला नेहमीसारखा तासभर लागणार होता, म्हणजे दहाला सुरुवात. मी खाली आले.

आवारात बंबवाल्यांची धामधूम चालली होती. एक बंब इस्पितळाच्या जमिनीखालच्या टाकीत जाड पाइप सोडून पाणी ओढत होता, दुसरा आधीच भरून उभा होता.

‘टाकी रिकामी करताय की काय?’ मी विचारलं.

‘तक्त्यात आहे ना, बाई,’ बंबवाल्यांचा मुकादम म्हणाला. ‘पर्यायी व्यवस्था, इस्पितळाची टाकी. मास्तर म्हणाले, जे लिहिलंय तसंच करून दाखवा. आणि तुमचे पंप चालू आहेत की. दुपारपर्यंत भरेल परत.’

तेही खरंच होतं. माझे पंप चालू होते. ते कधी बंद पडत नाहीत ह्याचा मला तोरा होता, आणि त्या तोऱ्यातच मी स्कूटरला किक मारली.

पंपघरात अकराची वेळ महत्त्वाची असते. सकाळचा वापर संपलेला असतो, उंच टाकी तळाला गेलेली असते आणि तिन्ही पंप लावून ती भरायची असते. इमारत सारखी थरथरत असते. टेबलावरचं पाणी पेल्यात हलत असतं. तीस वर्षांत त्या घरघरीची इतकी सवय झाली आहे की सुट्टीच्या दिवशी घरी कान दुखतात. अकराला दोन मिनिटं कमी असताना मी मुद्दाम हात बांधून दारात उभी राहिले. समोरच्या बागेवरचा जाहिरातीचा फलक विझेल आणि आपण बघायचं, एवढाच विचार.

अकराला पंप थांबले.

आधी घरघर उतरत गेली, मग उलट येणाऱ्या पाण्याने झडपा धाडकन आदळल्या, आणि मग काही नाही. एवढ्या मोठ्या खोलीत मला माझ्या चपलांचा आवाज ऐकू आला. पॅनेलवरचे दिवे छोट्या बॅटरीवर पेटले. वीज नाही.

‘गाढव!’ मी ओरडले. ‘बघितलंत? साधा स्विच कळत नाही ह्या माणसाला! आमची लाइन पाडली!’

म्हातारा फिटर कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठला. माझ्याआधीपासून तो इथे आहे. त्याने खिडकीतून बागेकडे बघितलं आणि डोकं खाजवलं.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘आपण कारंज्यावर आहोत ना?’

‘कसल्या कारंज्यावर?’

‘ती केबल जळली होती तेव्हा. पंधरा दिवसांसाठी म्हणून बागेतून घेतली होती की लाइन आपण. तुम्हीच तर उभ्या होतात रस्ता खणताना.’

खरंच उभी होते मी. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बागेत एका हौशी अधिकाऱ्याने राक्षसी कारंजं बांधलं होतं. त्याला आमच्या पंपांइतकी वीज लागायची, म्हणून खास मोठी लाइन टाकलेली. कारंजं दोन वर्षांत बंद पडलं, लाइन मात्र राहिली. पुढे आमची केबल जळली, नवी यायला वेळ होता, आणि मी डोकं चालवून त्या फुकट पडलेल्या लाइनवरून तात्पुरती जोडणी घेतली. शाबासकीही मिळवली. नवी केबल आली, अंथरली गेली, गेटाजवळच्या पेटीपर्यंत पोहोचली. पंप धडधड चालत होते, त्यामुळे ते बंद करून जोडणी बदलायचं राहून गेलं. तात्पुरतं म्हणून केलेलं काम नीट चाललं की ते तात्पुरतं आहे हे कुणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या तर अजिबात राहिलं नव्हतं.

उंच टाकी रिकामी. इस्पितळाची टाकी बंबांच्या पोटात. डायलिसिसच्या मशीनला एकेका रोग्यामागे शेकडो लिटर शुद्ध पाणी लागतं, ते क्षणभर थांबूनही चालत नाही. आणि आमच्या ह्यांना मशीनवर जाऊन तासभरच झाला होता.

तालीममास्तरांना फोन लावला. ते आवारात लाउडस्पीकर घेऊन उभे असणार, उचलेनात. कंट्रोल रूमचा नंबर सतत गुंतलेला, कारण फलकवाले आणि दुकानदार सगळे तिथेच बोंब मारत होते. दिराचा स्वतःचा नंबर माझ्याकडे नव्हता. बोटं फोनवर ठेवून मी तो आठवायचा प्रयत्न केला, शेवटचे चार आकडे आले, पुढचे येईनात. जनरेटरची गाडी? ती टेलिफोनवाल्यांच्या दारात तालमीसाठी उभी होती. टँकर? ते उंच टाकीखाली भरतात, आणि टाकीच रिकामी. मी फिटरला झडपा बंद ठेवायला सांगितलं आणि स्कूटर काढली. वाटेत एक सिग्नल तोडला आणि एका माणसाच्या शिव्या खाल्ल्या. त्या मला कमीच वाटल्या.

कंट्रोल रूम म्हणजे एक थंड, खिडक्या नसलेली खोली. पूर्ण भिंतभर शहराच्या लाइनींचा नकाशा, चालू असेल तिथे हिरवा दिवा, बंद असेल तिथे लाल. दीर मधल्या टेबलाशी उभा होता. मी दार लोटून आत गेले तशा सगळ्यांनी माना वळवल्या.

‘पंपघर बंद आहे,’ मी म्हटलं.

‘पंपघर चालू आहे, वहिनी.’ त्याने भिंतीकडे बोट केलं. खरंच, ‘पंपघर’ लिहिलेल्या चौकोनात हिरवा दिवा जळत होता. ‘तुमच्या लाइनला मी हात लावलेला नाही.’

‘मी कारंज्यावर आहे!’

तो भिंतीकडे वळला, मग खुर्चीवरच्या माणसाला म्हणाला, ‘पंपघराचा भार किती दाखवतोय?’

‘शून्य, साहेब.’

‘शून्य,’ तो म्हणाला. आवाज चढत गेला. ‘चार वर्षं शून्य दाखवतोय! ह्या टेबलावर आलो तेव्हापासून मी ही लाइन डोळ्यांत तेल घालून सांभाळतोय, आणि तिच्या टोकाला कुणीच नाही! चार पत्रं लिहिली तुम्हाला. नावाने लिहिली. लाइनवर भार नाही, तुम्ही वीज नक्की कुठून घेता ते कळवा. एकाचं तरी उत्तर दिलंत?’

‘मला नाही मिळाली पत्रं.’

‘आवकचा शिक्का आहे चारही पोचपावत्यांवर. फाडून टाकलीत का?’

फाडली नव्हती. खालच्या खणात होती. पण ते सांगण्यापेक्षा ओरडणं सोपं होतं. ‘मग फोन करायचा! यायचं! शेजारी बसता ना मीटिंगमध्ये!’

‘तुम्ही तोंड फिरवून बसता!’

‘आणि आज? शून्य दिसत होता तर स्विच पाडलातच का?’

‘कारण तुम्ही सही करून दिलंत!’ त्याने खिशातून तो घडी केलेला कागद काढून टेबलावर आपटला. ‘स्वतंत्र अत्यावश्यक लाइन. मला वाटलं, वाचली पत्रं शेवटी. घेतली जोडणी बदलून. आज सकाळी मीटर नाही बघितला मी. बघितला असता आणि शून्य निघाला असता, तर परत तुमच्याशी बोलावं लागलं असतं. नको झालं होतं मला.’

खोलीतली माणसं आपापल्या पडद्यांत घुसली होती.

‘इस्पितळाची टाकी बंबवाल्यांनी उपसली आहे,’ मी म्हटलं. ‘आज मंगळवार आहे.’

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला वार माहीत होते. कुणाला न सांगता, पाच वर्षं, ह्या माणसाला आपल्या भावाचे वार माहीत होते, आणि त्याचाही मला त्या क्षणी संतापच आला.

‘कारंजं परत घे,’ तो खुर्चीवरच्या माणसाला म्हणाला.

‘साहेब, तालीम बारापर्यंत आहे, मास्तरांचा लेखी—’

‘घे म्हटलं ना!’

लाल दिवा हिरवा झाला. अकरा वाजून पस्तीस मिनिटं. फिटरला मी तिथल्याच फोनवरून पंप एकेक करून लावायला सांगितलं. पण वीज येते तसं पाणी येत नाही. रिकाम्या नळांत हवा भरलेली असते, ती आधी बाहेर पडावी लागते, आणि मग येतं ते पाणी गढूळ. इस्पितळापर्यंत चांगलं पाणी पोहोचायला दोन तास लागतील, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी निघाले. मागून त्याची जीप येत होती. इस्पितळाच्या गेटापर्यंत ती माझ्या आरशात होती.

आवारात बंबवाले रंगीत तालमीचा शेवट करत होते. दोन्ही बंबांतलं पाणी भिंतीवर उडवून झालं होतं आणि चिखलात उभे राहून लोक टाळ्या वाजवत होते. तालीममास्तर मला बघून हात हलवत म्हणाले, ‘एकदम यशस्वी!’ मी उत्तर दिलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

वर मेट्रनबाई डायलिसिसच्या दारातच उभ्या होत्या. पाण्याचा दाब गेल्यावर सगळी मशीनं एकदम केकाटायला लागली होती. सिस्टरांनी धावपळ करून सहाही जणांचं रक्त अंगात परत घातलं होतं. बाकीच्या पाचांचे तीन-तीन तास तरी झाले होते. आमच्या ह्यांचा एक तास आणि दहा मिनिटं.

‘पाणी कधी?’ बाईंनी विचारलं.

‘दीड-दोन वाजेपर्यंत. पहिलं घेऊ नका, गढूळ असेल.’

‘मग गाळण्या धुवून घ्यायच्या, तपासणी करायची. चारच्या आत होणार नाही. त्यांच्या फुप्फुसांत पाणी चढतंय, ऑक्सिजन लावलाय. चारपर्यंत तग धरतील असं धरून चालू.’ मग त्यांनी आम्हा दोघांकडे बघितलं. ‘पाणी आणि वीज, दोघंही आलात, बरं झालं. आता दोघंही त्या बाकावर बसा आणि माझ्या वाटेत येऊ नका.’

मी दारातून आत बघितलं. हे उशांना टेकून बसले होते, तोंडावर मास्क, खांदे वरखाली होत होते. त्यांनी मला बघितलं आणि हाताने खुणावलं, ठीक आहे. मास्क काढून काहीतरी विनोद करायला गेले आणि सिस्टरने तो परत दाबला.

बाकावर आम्ही बसलो. मध्ये तीन खुर्च्या नव्हत्या. एक वाजला, दोन वाजले. मधूनमधून आत नळ फुरफुरल्याचा आवाज यायचा आणि आम्ही दोघेही मान वळवायचो. त्याने कुठूनतरी पाण्याची बाटली आणून माझ्याशेजारी ठेवली. मी ती तशीच राहू दिली.

‘त्यांना काही झालं,’ मी शेवटी म्हटलं, ‘तर ते आजच्या स्विचमुळे नाही. पाच वर्षांपूर्वी तुम्ही आला असता तर आज ते ह्या मशीनवर नसतेच. त्या दिवशी मी ह्याच बाकावर बसले होते.’

‘माहीत आहे.’

‘माणसाने निदान नाही तरी म्हणावं!’

‘कुणाला म्हणायचं?’ तो माझ्याकडे वळला. ‘मला विचारलं होतं कुणी? वहिनी, तुम्ही मला विचारलंत कधी? दादाने विचारलं? इस्पितळातून मला फोन आला, अमुक दिवशी उपाशीपोटी या, तुमचं नाव दाता म्हणून लिहिलेलं आहे. मी म्हटलं, कुणी लिहिलं? तिकडची सिस्टर म्हणाली, तुमच्या वहिनींनी.’

मी ती बाटली उचलून पलीकडे सरकवली.

‘घरचं माणूस आहे,’ मी म्हटलं. ‘त्यात विचारायचं काय?’

‘हेच,’ तो म्हणाला. ‘हेच विचारायचं.’

मी त्याच्याकडे बघितलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितलं असेन. कानांजवळचे केस पिकले होते. चेहरा मोठ्या भावासारखा दिसायला लागला होता. मला त्याची दया आली नाही. पण दात्याचा फॉर्म भरताना पेन माझ्याच हातात होतं, आणि ‘धाकटा भाऊ’ लिहिताना ते अडखळलं नव्हतं, हे मला आठवलं.

‘विचारते,’ मी म्हटलं. ‘भाऊजी, तुमच्या दादांना एक किडनी द्याल का?’

आत कुठलीशी बादली सरकल्याचा आवाज आला.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘मला भीती वाटते, वहिनी. टेबलावर झोपून पोट फाडून घ्यायची. मेलो तर, ह्याची. रोज वाटते. इथे येऊन दादाला सांगावं असं शंभर वेळा वाटलं आणि त्याचीही भीती वाटली. नाही जमणार मला. आज नाही, पुढेही नाही.’

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हात उचलला नाही एवढंच. भित्रा, भागूबाई, सगळे शब्द जिभेवर आले आणि मी ते म्हणूनही टाकले. त्याने ऐकून घेतले. ‘बरोबर आहे,’ म्हणाला.

अडीचला स्वच्छ पाणी आलं. पावणेचारला ह्यांना पुन्हा मशीनवर घेतलं. नळीतून रक्त फिरायला लागलं आणि अर्ध्या तासात त्यांचे खांदे शांत झाले. सिस्टरने मास्क काढला. मेट्रनबाई बाहेर आल्या, पहिल्यांदाच जरा बऱ्या आवाजात म्हणाल्या, ‘आजचं निभावलं.’

‘बाई,’ मी म्हटलं, ‘ह्यांच्या फाइलवर दाता म्हणून ह्या भाऊजींचं नाव आहे. ते काढा. ते देणार नाहीत.’

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. त्या आत जाऊन फाइल घेऊन आल्या आणि पानं उलटायला लागल्या.

‘दर वर्षी तुमची सही आहे इथे,’ त्या म्हणाल्या. ‘घरचा दाता ठरलेला आहे, तपासणी बाकी. पाच सह्या.’

‘वाटायचं, कधीतरी येईल. लाज वाटेल आणि येईल.’

‘अहो, पण घरचा दाता आहे म्हटल्यावर आम्ही ह्यांचं नाव सार्वजनिक यादीत घातलेलं नाही. परक्या माणसाची किडनी मिळायची यादी असते, तिच्यात. ज्यांचा घरचा असतो त्यांना तिच्यात घेत नाहीत. तुम्हाला सांगितलं होतं तेव्हा.’

सांगितलं असेल. मी तेव्हा रागात होते. मी पाच वर्षं रागातच होते.

‘आता घाला,’ मी म्हटलं.

‘घालते. आजच्या तारखेने नंबर लागेल.’

‘साधारण किती दिवस?’

बाईंनी फाइल मिटली. त्या कठोर बाई आहेत, पण त्या वेळी त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. माझ्या शेजारी दीर उभा होता, त्यानेही ऐकलं. ह्याला आता काहीतरी बोलावं, सगळं ह्याच्या माथी मारावं, म्हणून मी त्याच्याकडे वळले, पण फाइलमधल्या पाचही सह्या माझ्या होत्या. तो जिना उतरून गेला. मी त्याला थांबवलं नाही.

मी आत गेले. मशीन एका लयीत फिरत होतं. ह्यांच्या चेहऱ्याला जरा रंग आला होता.

‘धाकटा आला होता ना?’ त्यांनी विचारलं. ‘आवाज ऐकला मी. काय म्हणाला?’

‘मी विचारलं त्याला. नाही म्हणाला.’

‘बोललात ना, ते बरं झालं,’ ते म्हणाले. दमलेले होते, पण खरोखर बरं वाटलेलं दिसत होतं. ‘मग आता दुसरीकडून बघायचं. ती यादी असते ना काहीतरी?’

‘आजपासून नाव घातलंय.’

‘कधीपर्यंत येईल नंबर?’

मी स्टूल ओढून जवळ बसले. खोटं बोलावं असं फार वाटत होतं. गेल्या पाच वर्षांत इतकं कधीच वाटलं नव्हतं.

‘सध्या पाच वर्षांपूर्वी नाव घातलेल्या लोकांना फोन जातायत,’ मी म्हटलं.

त्यांनी नळीकडे बघितलं. हिशेब त्यांना लवकर येतो, शाळेत गणित शिकवायचे.

‘म्हणजे तेव्हा घातलं असतं,’ ते म्हणाले, ‘तर आता मला आला असता?’

‘हो,’ मी म्हटलं.